न सांगता सुरू

आपणहून सुरू होणाऱ्या माणसांची मला पहिल्यापासून धास्ती आहे. "मी आपला फार वेळ घेणार नाही" म्हणत माइक घट्ट धरणारे समारंभाचे अध्यक्ष, गाडीने स्टेशन सोडायच्या आत मुलीच्या सासरची हकीगत काढणारे शेजारचे प्रवासी, कोपऱ्यात पेटी दिसली की "सहज एक आठवलं" म्हणून पुढे सरकणारे मेहुणे. यांना कुणी सुरू करावं लागत नाही. आणि बंद कसं करायचं ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं.

या जमातीतले आमचे मुकुटमणी म्हणजे खालच्या मजल्यावरचे अप्पा. जिन्यात माझी चप्पल वाजली की अप्पांचं दार उघडे आणि अप्पा सुरू होत. बरं, सुरुवात सुरुवातीपासून नाही. "...तेव्हा मी त्या इंजिनीयरला स्वच्छ सांगितलं," इथून! कुठला इंजिनीयर, केव्हाचा, त्याचा गुन्हा काय, हे विचारायची सोय नाही, कारण विचारायला मध्ये फट लागते. हातात भाजीची पिशवी घेऊन मी पहिल्या पायरीवर उभा, आणि पिशवीत मेथी माना टाकतेय. आतून माईंचा आवाज येई, "अहो, भाऊजींना वर तरी..." हे वाक्य पुरं झालेलं मी पंचवीस वर्षांत ऐकलं नाही.

त्या मानाने यंत्रं मर्यादशील होती. आमच्या घरातला व्हॉल्व्हचा रेडिओ कान पिळल्याशिवाय बोलत नसे, आणि पिळल्यावरही बुजुर्ग गवयासारखा आधी तापून घेई. बुधवारी रात्री आठला सिलोनवरची बिनाका गीतमाला ऐकायची, तर आठाला दोन मिनिटं कमी असतानाच कुणीतरी उठायचं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईत टीव्ही सुरू झाला आणि पुढे तो आमच्याकडेही आला, पण त्याला सरकती दारं होती. कार्यक्रम संपला की दारं ओढायची, वर क्रोशाचा रुमाल घालायचा आणि त्यावर फुलदाणी. एवढा बंदोबस्त केल्यावर कुणाची बोलायची छाती होणार?

ही सगळी मर्यादा डिसेंबर २०१३ मध्ये संपली. फेसबुकने ठरवलं, की माणूस व्हिडिओवर बोट ठेवील याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. व्हिडिओ नजरेसमोर आला की त्याने आपलं आपण चालू व्हावं. जून २०१५ मध्ये ट्विटरही त्याच पंगतीला येऊन बसलं. सुरुवातीला हे व्हिडिओ मुके होते. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, त्याला बरोबर शंभर वर्षांनी मूकपटाचा हा पुनर्जन्म! फरक इतकाच, की हरिश्चंद्राला बघायला लोक तिकीट काढून जात. इथे हरिश्चंद्रच उठून तुमच्या घरी. शिवाय आपल्याकडच्या मूकपटाला वाचा फुटायला अठरा वर्षं लागली, १९३१ चा 'आलम आरा' यावा लागला. फेसबुकला तितका धीर कुठला? फेब्रुवारी २०१७ मध्येच त्यांनी जाहीर केलं, की यापुढे मोबाइलवर आवाजही आपोआप येईल. फोन मुका करून ठेवला असेल तर मात्र येणार नाही, एवढी दया दाखवली.

हे सगळं कशासाठी, तर हिशेबासाठी. फेसबुकाच्या दप्तरात तेव्हा तीन सेकंद व्हिडिओ चालला, की तुम्ही तो 'पाहिला' अशी नोंद होई. जितकं पाहणं जास्त तितका जाहिरातींचा धंदा बरा. आमच्या वेळी कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीकडे सलग तीन सेकंद पाहायचं धैर्य होत नसे हे खरं, पण समजा एखाद्याने पाहिलंच, तर म्हणून कुणी लग्न लागल्याची नोंद करत नव्हतं.

हे ज्ञान मला फार उशिरा झालं. आधी अप्पा गेले.

झोपेत गेले. रात्री मला जिन्यात गाठून कुणा गार्डाची गोष्ट निम्मी सांगितली होती. "उरलेली उद्या," असं मीच म्हणून सटकलो होतो. ते जाऊ दे.

चौथ्या दिवशी आम्ही दोघं खाली भेटायला गेलो. अप्पांच्या बैठकीच्या खोलीत इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. फोटोला हार, समोर समई. भिंतीला टेकून दहा-बारा माणसं, सगळ्यांची नजर सतरंजीवर. कोपऱ्यात माई. कुणीतरी हळूच विचारलं, "दहावा कितीला येतो?" मी आपला उपयोगी पडण्याच्या हेतूने खिशातून फोन काढला. तारीख बघण्याआधी, सकाळी जे ॲप उघडं टाकून मी अंघोळीला गेलो होतो तेच समोर आलं. (कुठलं ते सांगत नाही. या पंगतीत सगळे एकाच पातेल्यातलं वाढतात, एकाचं नाव कशाला घ्या?) आणि त्या शांततेत एक बाई ओरडली,

"नमस्कार मैत्रिणींनोऽऽ! आज आपण करणार आहोत खमंग, खुसखुशीत, काटेरी चकली!"

माझ्या हाताला कापरं भरलं. बाजूचं बटण दाबलं, तर ते आवाज वाढवायचं निघालं. दोन बटणं एकदम दाबली, तर 'खट्' असा आवाज होऊन बाईंचा फोटो निघाला. फोन मांडीखाली घालून त्यावर बसलो. माझ्या खालून बाई म्हणाल्या, "आणि हो, शेवटपर्यंत नक्की बघा बरं का!" समोर अप्पांचा फोटो. हिने माझ्याकडे जे पाहिलं ते तीन सेकंदांपेक्षा खूपच जास्त होतं. शेवटी एका पोरसवदा मुलाने येऊन माझ्या खालून फोन ओढला आणि बाईंचा गळा आवळला. पुन्हा शांतता झाली. त्या शांततेत अप्पांची नव्वदीची आत्या डोळे न उघडता म्हणाली, "मोहन कडकडीत हवं. नाहीतर मऊ पडते."

माईंकडे बघायचं धैर्य मला झालं नाही.

अर्थात माझं चकलीवर निभावलं. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेत, व्हर्जिनियात, सकाळच्या बातम्यांचं थेट प्रक्षेपण चालू असताना एका वार्ताहर तरुणीला आणि तिच्या कॅमेरामनला गोळ्या घालून मारलं गेलं. मारणाऱ्याने आपण घेतलेलं चित्रण स्वतःच ट्विटरवर आणि फेसबुकवर टाकलं. ते पुढे काढलं गेलं, पण तोवर ज्यांच्यासमोर आलं त्यांच्यासमोर ते आपणहून चालू झालं. चहा पिता पिता सहज बोट फिरवणाऱ्या लोकांनी दोन माणसांचं मरण पाहिलं. पाहायचं की नाही हे त्यांना कुणी विचारलंच नाही. चिरंजीवांनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मला चकलीवाल्या बाईंबद्दल एकदम आदर वाटू लागला.

चिरंजीव पुढे म्हणाले, "बाबा, ते बंद करता येतं की! सेटिंगमध्ये जा."

सेटिंगमध्ये जायचं म्हणजे जुन्या सरकारी कचेरीत दाखला आणायला जाण्यासारखं आहे. दाखला मिळतो, नाही असं नाही, पण खिडक्या फिराव्या लागतात. आधी कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा दाबायच्या. तिथून 'सेटिंग्ज अँड प्रायव्हसी', तिच्या पोटात पुन्हा 'सेटिंग्ज'. मग खाली, आणखी खाली, जिथे सहसा कुणी जात नाही तिथे 'मीडिया' नावाचा एक बाबू निमूट बसलेला असतो. त्याच्या टेबलावर तीन कागद. मोबाइल डेटा आणि वाय-फाय दोन्हींवर व्हिडिओ आपोआप चालवा, फक्त वाय-फायवर चालवा, आणि तिसरा, तळाचा, 'नेव्हर'. कधीही नाही! आयुष्यात मी कुणाला इतक्या ठामपणे "कधीही नाही" म्हटलेलं नव्हतं. पतपेढीच्या एजंटालासुद्धा "बघू" असंच म्हणत आलो. त्या दिवशी म्हटलं आणि अंगावर मूठभर मांस चढलं.

ते लगेच उतरलंही, कारण प्रत्येक ॲपाची कचेरी वेगळी. यूट्यूबवर एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप लागतो, ते थांबवायचा खटका वेगळा. नुसती यादी खाली सरकवताना चित्रं हलू लागतात, ती थांबवायची जागा वेगळी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आपणहून चालत नाही, पण आपणहून उतरून फोन भरून टाकतो, त्यासाठी 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये जाऊन सक्त ताकीद द्यावी लागते. काही ठिकाणी तर 'नाही' म्हणायची सोयच नाही. फार तर 'जरा कमी खा' असं सांगता येतं. तरी दोन दुपारी खर्च करून मी जमेल तेवढ्यांची तोंडं बंद केली. रोजचा दीड जीबीचा शिधा पूर्वी चारच्या चहालाच संपायचा, तो रात्री झोपताना शिल्लक दिसू लागला. ही कीर्ती हिने सोसायटीभर केली. लोक फोन घेऊन माझ्याकडे येऊ लागले. पूर्वी माणसं नाडी दाखवायला वैद्याकडे जात, तशी.

महिन्याभराने माईंनी बोलावलं. मी मंडईतून येत होतो, तसाच पिशवी घेऊन आत गेलो. चकलीनंतर प्रथमच. मी क्षमा मागायला तोंड उघडणार, तोच माई म्हणाल्या, "भाऊजी, ते आपोआप चालू होणारं तुम्हाला बंद करता येतं म्हणे? वहिनी सांगत होत्या."

"येतं की. काय त्रास होतोय?"

"त्रास असा नाही..." माईंनी फोन पुढे केला. गेल्या दिवाळीत मुलाने अप्पांचा एक व्हिडिओ काढून टाकला होता. आकाशकंदील कसा टांगावा याविषयी. अप्पा गेल्यावर सगळ्या नातेवाइकांनी तोच पुन्हा पुन्हा आपापल्या नावाने टाकला. त्यामुळे माई यादी सरकवतात तिथे चार घरांआड अप्पा.

"दुपारी जरा आडवी होते. कुणाच्या नातवाचं बारसं, कुणाची काशीयात्रा, असं बघत असते. आणि एकदम हे. 'अगं, ती शिडी कुठे ठेवलीस?' म्हणून." माई थांबल्या. "परवा मी उठून शिडी आणायला गेले हो. मोरीपर्यंत गेले. मग लक्षात आलं."

मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, "मग मुलाला सांगून काढूनच टाकायला लावू का?"

"छे, छे! काढायचं कशाला? असू दे. फक्त आपणहून नको." माईंनी पदराने चष्मा पुसला. "पंचेचाळीस वर्षं मी म्हटलं म्हणून हे कधी सुरू झाले नाहीत, की मी म्हटलं म्हणून कधी थांबले नाहीत. आता तरी मी बटण दाबल्यावर बोलू दे."

मी तीन रेघा दाबल्या. खिडक्या फिरलो. तळाच्या कागदावर बोट ठेवलं आणि फोन परत दिला. माईंनी यादी सरकवली. अप्पा आले, आणि काय आश्चर्य, गप्प उभे राहिले. हातात कंदील, तोंड अर्धवट उघडं, आणि छातीवर एक पांढरा त्रिकोण. अप्पांना कुणाची तरी वाट बघताना मी प्रथमच पाहत होतो.

माईंनी चष्मा लावला. पदर सारखा केला. मग त्या त्रिकोणावर बोट ठेवलं.

"...तेव्हा मी त्या दुकानदाराला स्वच्छ सांगितलं," अप्पा म्हणाले, "की हा कागद पावसाचा थेंब सोसायचा नाही. त्यावर तो मला म्हणतो..."

माई ऐकत होत्या. मी उठावं की बसावं या विचारात पिशवी या हातातून त्या हातात घेत होतो. दुकानदार काय म्हणाला ते सांगायला अप्पांनी श्वास घेतला, तेवढ्यात माईंनी पुन्हा बोट टेकवलं. अप्पा जागच्या जागी थांबले.

"अहो, भाऊजींना वर तरी जाऊ द्या," माई फोनकडे बघून म्हणाल्या. "त्यांची मेथी सुकतेय."