थरावर थर

प्रागच्या जुन्या ज्यू दफनभूमीचे फोटो बघून लोक हरखतात. काळवंडलेल्या शिळा, एकमेकींना रेललेल्या, वर झाडांची सावली. देखणं आहेच ते. पण ही दाटी कुणी हौसेनं रचलेली नाही, आणि तिथं हिंडताना मला ते क्षणभरही विसरता आलं नाही.

ज्यूंनी राहायचं ते नेमून दिलेल्या वस्तीत, पुरायचं तेही तिथंच. जागा वाढवून मिळेना. जुनी कबर उकरायला धर्माची मनाई. मग आहे त्या कबरींवरच माती आणून टाकायची, तिच्यात नवं दफन करायचं. खालच्या माणसाची शिळा तेवढी उचलून वर आणायची, त्याचं नाव मातीआड जाता कामा नये. असं करत काही ठिकाणी बारा थर झाले. आज शिळा सुमारे १२,००० आहेत. निजलेली माणसं त्याहून कितीतरी अधिक.

सर्वांत जुनी शिळा १४३९ची, अविग्दोर कारा या रब्बीची. १३८९च्या ईस्टरला जमावानं ही वस्ती कापून काढली, त्यातून कारा वाचला आणि त्या संहारावर त्यानं शोकगीत लिहिलं. इथल्या सिनॅगॉगमध्ये योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या दिवशी, ते म्हणण्याची रीत पडली.

गर्दी असते ती रब्बी लोव यांच्या कबरीपाशी. गोलेमची, मातीच्या पुतळ्यात जीव ओतल्याची दंतकथा त्यांच्या नावाला पुढे कधीतरी चिकटली. लोक खडे ठेवतात, फटींत चिठ्ठ्या सारतात. मला ओढ दाविद गान्सची. १६१३ साली गेलेला हा इतिहासकार आकाशाचाही अभ्यासक. टिको ब्राहे आणि केप्लर यांच्याशी त्याची ओळख होती. शिळेवर सहा टोकांचा तारा आहे, आणि आडनावाची खूण म्हणून हंस. आसपास लेवी या सेवेकरी घराण्यांची पाण्याची सुरई, कोहेन या पुरोहित घराण्यांचे आशीर्वादाचे पंजे, कुठं शिंप्याची कात्री. ज्यांना इंचभर जमीन मिळेना, त्यांनी दगडावर आपलं घराणं आणि धंदा किती निगुतीनं कोरून घेतला!

१७८७मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफनं शहरात दफनाला बंदी केली. याच सम्राटानं ज्यूंवरचे निर्बंध सैल केले, म्हणून वस्तीला पुढे योसेफोव्ह हे नाव पडलं. एकोणिसावं शतक सरताना गल्ल्याही पाडल्या गेल्या. सहा सिनॅगॉग, नगरभवन आणि ही दफनभूमी तेवढी राहिली.

लगतच्या पिंकास सिनॅगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या सुमारे ८०,००० ज्यूंची नावं आहेत. त्यांना ना कबर, ना शिळा. १९५०च्या दशकात लिहिलेली ही नावं पुढे इमारत बंद ठेवल्याच्या काळात, ओलीपायी गेली. १९९२ ते १९९६मध्ये ती पुन्हा हातानं लिहिली. कबरी बघायला निघालेल्यानं आधी इथं थांबावं. मागून रांग ढकलत असते, तरी निदान एका घराची ओळ, आडनावापासून शेवटच्या तारखेपर्यंत, पुरी वाचावी.