गाडी ठरवताना

मे महिना किंवा दिवाळी जवळ आली की आमच्याकडे फोन सुरू होतात. "काका, डहाणूला उतरतोय. महालक्ष्मी, बोर्डी, जमलं तर उदवाडा. ओळखीची गाडी सांगा ना." गाडी सांगणे सोपे. भाडे समजणे तितके सोपे नाही! 'किलोमीटरला अमुक रुपये' एवढे ऐकून मंडळी खूष होतात, आणि बिल हातात पडले की सहल राहते बाजूला, चर्चा त्या बिलाचीच. म्हणून एकदाच सगळे लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे किमान अंतर. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला बहुधा २५० ते ३०० किलोमीटर धरलेलेच असतात. समजा दर १३ रुपये, किमान ३००, आणि दोन दिवसांत गाडी धावली २२० किलोमीटर. तुमच्या डोक्यातला आकडा २८६० रुपये, बिलातला ७८००! दोन्ही गुणाकार बरोबरच आहेत, फक्त नियम एकालाच ठाऊक होता. दिवसही बऱ्याच ठिकाणी रात्री बाराला संपतो. साडेबाराला घरी पोचलात की नवा दिवस लागला. शिवाय मोजणी तुमच्या दारापासून नव्हे, गॅरेजपासून गॅरेजपर्यंत. हे सारे आधी सांगितले तर व्यवहार, नंतर सांगितले तर लबाडी.

आमच्या भागात आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे सीमा. तलासरीच्या पुढे अच्छाड ओलांडले की गुजरात. तिथे 'बॉर्डर टॅक्स' नावाचा आकडा अचानक उगवतो. ज्या गाडीकडे अखिल भारतीय पर्यटक परवाना असतो तिचे परवाना शुल्क एकत्रच भरलेले असते. तेव्हा परवाना कोणता हे निघण्याआधी विचारावे, आणि वेगळा कर सांगितला तर पावती मागावी. टोलचेही तसेच. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे, म्हणजे चारोटीला किती कापले गेले त्याची नोंद असतेच. ती दाखवा म्हणायला लाजू नये.

पाटीही बघावी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याची गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्त पडते खरी, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. स्वतः चालवणार असाल तर गाडी घेताना चारही बाजूंचे, पेट्रोलच्या काट्याचे आणि मीटरचे फोटो काढून ठेवा. अनामत परत मागताना तेच कामी येतात.

हे झाले सहलीला निघालेल्यांचे. पण सगळेच काही सहलीला निघत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात तलासरीजवळच्या एका पाड्यावरच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने आईला रात्री ईकोतून दवाखान्यात नेले. ठरले होते दीड हजार. उतरताना अडीच झाले. रात्रीचे वेगळे, थांबल्याचे वेगळे, गाडी रिकामी परत जाणार त्याचे वेगळे. त्याने हजार रुपये उसने घेऊन दिले. "तू काही बोलला का नाहीस?" मी विचारले. म्हणाला, "गुरुजी, पुन्हा वेळ आली तर तोच येणार ना?"

अडला हरी म्हणतात तो हाच. या उत्तराने मला दोन दिवस झोप लागली नाही.

याच तालुक्यातल्या झरी गावी मे १९४५ मध्ये वारली जमले होते. वेठ बंद करा ही त्यांची मुख्य मागणी. पुढे त्यांनी ५०० पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये मागितले. त्या मागणीत माप आणि दर दोन्ही आधीच सांगितलेले होते, याचे मला फार अप्रूप वाटते. सावकाराचा आणि जमीनदाराचा हिशेब त्याच्याच चोपडीत असे, आणि कळे तो शेवटी. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये हे सारे लिहिले आहे. आता वेठ नाही, पण शेवटी कळणारा हिशेब अजून आहे.

गाडीवाल्यांची बाजूही मला दिसते. माझे कितीतरी विद्यार्थी याच रस्त्यावर गाड्या चालवतात, रात्री गाडीतच झोपतात. रिकाम्या परतीचे डिझेल काही फुकट येत नाही. तेव्हा घासाघीस करून ड्रायव्हरचा भत्ता कापू नका. तो आधी विचारा, आणि आनंदाने द्या.

विचारायचे एवढेच : एकूण किती, आणि यात काय धरलेले नाही? उत्तर मोबाइलवर लिहून मागा. सुरुवातीचे शुल्क लपवून शेवटी वाढवत नेणे हा प्रकार ऑनलाइन व्यवहारात ग्राहक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्येच अनुचित ठरवला आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि घरात कुणी आजारी असेल तर आधी १०८ लावा. ती रुग्णवाहिका मोफत आहे. बाळंतपणासाठी १०२. त्या विद्यार्थ्याच्या पाड्यावर हे दोन्ही आकडे मी आता शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतले आहेत.