४.१ की ४.५? पियानोतली एक पिन आणि पाचवीचा दशांश

उभ्या पियानोची खालची फळी काढून आत पाहिलंय का कधी? आत बिडाची भलीमोठी चौकट असते. तिच्यावर सव्वादोनशेच्या आसपास तारा ताणलेल्या असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण १५ टनांच्या पुढे जातो! तारेचं वरचं टोक सूर लावायच्या खुंटीला आणि खालचं बिडात ठोकलेल्या छोट्याशा पोलादी पिनेला. तिला हिच पिन म्हणतात.

आमच्या शाळेच्या जुन्या पियानोतली अशीच एक पिन तुटली. एकच तार पिनेला वळसा घालून परत वर जाते, त्यामुळे दोन तारा गप्प झाल्या. स्टाफरूममध्ये "भंगारात द्या" अशी चर्चाही सुरू झाली. दुरुस्तीवाले काका आले, तेव्हा पाचवीचा वर्ग मी तिथेच नेऊन बसवला.

काकांनी आधी शेजारच्या तारा सैल केल्या. तुटकी पिन पकडीत धरून फिरवत फिरवत बाहेर काढली आणि बिडात रुतलेला भाग व्हर्निअर कॅलिपरने मोजला. ४.१ मिमी. पुडीत ४.१ आणि ४.५ च्या पिना होत्या. एक मुलगा पटकन म्हणाला, "काका, जाडी घ्या ना, घट्ट बसेल!"

पटतं ना? लाकडात चाललंही असतं, कारण लाकूड दबतं. वरच्या खुंट्या लाकडातच घट्ट बसलेल्या असतात, त्या सैल झाल्या की थोडी जाड खुंटी घालतातच. बीड मात्र दबत नाही, तडकतं. आणि चौकट तडकली की पियानो गेलाच म्हणायचा. बारीक पिन घेतली तर ती ताणाने हलणार.

मुलांनी कंपासमधली पट्टी काढली. ४ आणि ५ मिमीच्या मध्ये रेघच नाही! "मग हे पॉइंट एक कुठून आणलं?" हा प्रश्न फळ्यावर दशांश शिकवताना मला कुणी विचारला नव्हता.

पिन सरळ नसते बरं का. तारेच्या ओढीच्या उलट दिशेला ती किंचित कललेली असते, म्हणजे तार वर सरकून निसटत नाही. पेन्सिल आणि रबरबँड घेऊन घरी करून बघा.

नवी तार ताणत राहते, म्हणून काका सूर लावायला आणखी दोनदा आले. आता आम्ही सायकलच्या तारांची जाडी मोजणार आहोत. शाळेत व्हर्निअर नसेल तर जवळच्या लेथवाल्याकडे मागा.