गच्चीचं पाणी आणि दारची बोर

मृगाचा पाऊस धुळ्याच्या देवपुरात पडो की जळगावच्या महाबळ कॉलनीत, त्याची वाट ठरलेली. गच्चीवरून पाइपात, पाइपातून पेव्हर ब्लॉकच्या अंगणात, अंगणातून रस्त्यावर आणि तिथून गटारीत. अर्ध्या तासात अंगण कोरडंठाक. याच घरांमध्ये नळाला पाणी कधी येणार याची वाट पाहिली जाते आणि उन्हाळा तापला की टँकर बोलवावा लागतो.

हिशेब साधा आहे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला 600 मिलिमीटर पाऊस झाला, तर ते पाणी 55 हजार लिटरच्या घरात जातं. वाफ, गळती, सगळं वजा केलं तरी 40 हजार लिटर उरावं. एवढं पाणी दरवर्षी फाटकाबाहेर जाऊ द्यायचं, हे खानदेशाला शोभत नाही.

कारण पाणी अडवणं आणि फिरवणं इथल्या माणसांना नवं नाही. पांझरा नदीवरचे फड बंधारे काही शतकं जुने. एका फडात एक पीक, आणि पाटकरी ठरल्या पाळीनं पाणी फिरवणार. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत पाणी का मुरत नाही याचा शोध घेतला. आड येणारे पिवळ्या चिकणमातीचे थर भेदण्यासाठी नाले खोल-रुंद झाले, त्यांवर बंधारे बांधले गेले. धुळे तालुक्यातल्या लामकानीत डॉ. धनंजय नेवाडकर आणि गावकऱ्यांनी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, डोंगरउतारावर समतल चर खणले, आणि उघड्या डोंगरावर गवत परतलं. डोंगराला जे कळलं, ते शहरातल्या अंगणाला का कळू नये?

मात्र अंगणात आंधळेपणानं खड्डा खणून चालत नाही. इथली काळी माती मे महिन्यात भेगाळते, त्या भेगांतून पहिला पाऊस गटागटा आत उतरतो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरच तुंबतं. पायाशेजारी असं पाणी मुरवलं तर फुगणारी-आकसणारी माती भिंतींना तडे पाडते. म्हणून खळगा घरापासून आठ-दहा फूट दूर हवा, गुडघ्याहून उथळ आणि पसरट. तळाशी विटांचे तुकडे, त्यावर वाळू नि शेणखत मिसळलेली माती. गच्चीचा पाइप जाळी लावून तिथे सोडायचा आणि जास्तीचं पाणी जायला एका कडेला वाट ठेवायची. पाणी एक-दोन दिवसांत मुरलंच पाहिजे. अंड्यातून डास तयार व्हायला आठवडाभर लागतो, म्हणजे ही मुदत पाळली तर डासांची भीती उरत नाही.

खळग्यात वाळा लावावा. तो पाण्यात उभा राहतो आणि उन्हाळाही काढतो. काठाला गवती चहा, सब्जा, अडुळसा. कोपऱ्यात कढीपत्ता किंवा लिंबू. लिंबाच्या पानावर कधी पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसतं. जवळ जाऊन पाहावं तर ती अळी असते! थोडी मोठी झाली की तीच हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. औषध फवारणाऱ्या हातानं इथे थांबायला हवं, कारण फुलपाखरू हवं तर चार पानं खाल्लेली चालवून घ्यावी लागतात. रुईचंही तसंच. तण म्हणून ती उपटली की तिच्यावर वाढणारी नारिंगी फुलपाखरंही गेली.

आणि एक झाड बोरीचं. मेहरूणच्या बोरांनी जळगावचं नाव बाहेर नेलं, पण नव्या कॉलन्यांमधून बोर हद्दपार झाली. काटे टोचतात, पानांचा कचरा होतो, या तक्रारी खऱ्याच आहेत. पण उन्हाळ्यात कडक छाटणी केली तर झाड आवाक्यात राहतं, पारा 44-45 अंशांवर गेला तरी पाण्यासाठी रडत नाही. पावसाळ्याच्या शेवटी तिच्या बारक्या हिरवट फुलांवर माश्या, गांधीलमाश्यांची झुंबड उडते. पांढऱ्या पंखांवर काळे ठिपके असलेलं इवलंसं फुलपाखरू तिच्याच पानांवर अंडी घालतं. थंडीत पिकली बोरं बुलबुल टिपतात. खाली पडलेली पानं खळग्यात लोटली की ओल टिकते, त्याखाली किडे येतात, आणि किड्यांसाठी दयाळ येतो. पाण्याची सोय आणि पाखरांची सोय ही अशी एकाच कामात होते. हिरवळीच्या लॉनला मात्र उलट पाणी पाजावं लागतं, आणि तिथे पाखरांना फारसं काही मिळत नाही.

राज्याच्या बांधकाम नियमावलीत पावसाचं पाणी साठवण्या-मुरवण्याची सक्ती 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांना आहे. जळगाव-धुळ्यातली बहुतेक रो-हाऊस आणि बंगले त्याहून कितीतरी लहान जागेवर उभे आहेत. त्यांना नियम लागू नाही, पण पाऊस तर त्यांच्याही गच्चीवर पडतो. दोन्ही महापालिकांनी बांधकाम परवानगी देताना निदान कंपाउंडलगतची दोन-तीन फुटांची पट्टी फरशीविना मोकळी ठेवायला सांगावी. ज्यांची घरं आधीच उभी आहेत, त्यांनी पाऊस लागण्याआधी ब्लॉकच्या दोन ओळी उचकटल्या तरी गच्चीच्या पाइपापुरती जागा निघते.