माझ्या आजाराचे नाव

बालमित्रांनो, मागच्या वर्षी दसऱ्यानंतर माझे पोट रोज दुखू लागले, हे तुम्हांला ठाऊक आहेच. तुम्ही म्हणायचात, ह्याला शाळेचा कंटाळा. मुकादमाची गाडी आली, आई-बाबा ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेले आणि मी आज्जीजवळ राहिलो. शाळेची घंटा झाली की माझी छाती धडधडे, हात गार पडत. रात्री वाटे, उसाची ट्रॉली उलटली असंल. आज्जीने अंगारा लावला. एकाने तर ‘बाहेरचं हाय’ म्हणून कोंबडं मागितलं.

शेवटी बाबा खाडा करून आले. खाड्याचे पैसे कापले गेले ते वेगळेच. आम्ही अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात गेलो. डॉक्टरीणबाई मला विचारीत आणि उत्तर बाबा देत. बाई म्हणाल्या, “थांबा, त्याचं त्याला सांगू द्या.” सगळे ऐकून झाल्यावर बाबा मला म्हणाले, “तू जरा भाईर बस.”

“आजार त्याचा आहे. नाव त्याच्यासमोरच सांगते,” बाई म्हणाल्या.

जवळची माणसे दूर गेल्यावर होणारा हा चिंतेचा आजार. मी विचारले, “म्हंजी मला याड लागलंय का?” बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “नाही रे. कुत्रं अंगावर आल्यावर जीव धडधडतो ना? तुझं शरीर कुत्रं नसतानाही तसंच करतंय. पोट मात्र खरंच दुखतं. तू सोंग करत नाहीस.”

हे ऐकून मला रडूच आले. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. फोनवर ‘सोंगं करू नको’ असे तेच म्हणाले होते.

शाळा चुकवली की भीती वाढते, म्हणून रोज जायचे; फोन रोज ठरल्या वेळीच करायचा; धडधडले की श्वास हळूहळू सोडायचा, असे बाईंनी शिकवले. पालकांनो, 2022 साली सुरू झालेला 14416 हा सरकारी नंबरही आहे. फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो.

यंदा गाडी गेली त्या दिवशी दुसऱ्या तासापर्यंत पोट दुखले. मग गणितात विसरलो.

हे भिंतीवर लावू का, असे मी आईला फोनवर विचारले. आधी ती कुणाला सांगू नको म्हणायची. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “लाव. पर अक्षर मोठं काढ, तुझ्या बापाला चष्मा न्हाई.”