वैतरणेपलीकडचे विद्यापीठ

विरार मागे पडले की डहाणू लोकल जरा मोकळी होते. वैतरणेचा पूल, सफाळे, केळवे रोड, मग पालघर. सकाळच्या गाडीला दाराशी उभ्या असलेल्या मुलामुलींच्या पाठीवर सॅक असतात आणि बोलण्यात हॉल तिकीट, एटीकेटी आणि प्रॅक्टिकलच्या तारखा. लोकल डहाणूपर्यंत धावू लागली ती एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधी मेमू, शटल आणि एक्स्प्रेसच्या वेळा सांभाळत याच पट्ट्यातली मुले शिकत होती.

पालघरला उतरणारी बरीच मुले खारेकुरण रस्त्याकडे वळतात. तिथल्या महाविद्यालयाचे पूर्ण नाव भलेमोठे आहे: सोनोपंत दांडेकर कला, वि. स. आपटे वाणिज्य आणि एम. एच. मेहता विज्ञान महाविद्यालय. गावात मात्र नुसते ‘दांडेकर कॉलेज’. ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. ज्यांचे नाव त्याला दिले आहे ते सोनोपंत ऊर्फ मामासाहेब दांडेकर इथून जवळच, माहीमला, १८९६ मध्ये जन्मले. ते पुण्यात शिकले. पुणे विद्यापीठ १९४९ साली निघेपर्यंत पुण्याच्या महाविद्यालयांच्या पदव्याही मुंबई विद्यापीठच देत असे. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते तत्त्वज्ञान शिकवत, पुढे तिथले प्राचार्यही झाले. वर्गात प्लेटो आणि कीर्तनात ज्ञानेश्वरी, दोन्ही सारख्याच अधिकाराने सांगणारा हा माणूस आयुष्यभर वारकरी राहिला. ‘ज्ञानदेव आणि प्लेटो’ हे त्यांच्या एका ग्रंथाचे नावच आहे.

माहीमला जाणाऱ्या रस्त्यावर आजही पानमळे लागतात. त्यांच्या हिरव्या सावलीतून पुढे गेले की समुद्राचा वारा अंगावर येतो. या गावातला मुलगा एवढ्या दूरवर पोचला याचा अभिमान माहीमकरांनी बाळगावा, असाच आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ चे. पहिले पदवीधर १८६२ मध्ये बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. भांडारकर पुढे कुलगुरू झाले, स्वातंत्र्याच्या सुमारास पां. वा. काणे झाले. टिळक याच विद्यापीठाचे, १९१२ मध्ये बी. ए. झालेले डॉ. आंबेडकरही याचेच. ही नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. पण विद्यापीठाने समाजाला काय दिले हे पाहायचे तर राजाबाई टॉवरखालून निघून पालघर, बोईसर, तारापूर ही वाट धरावी. इथे माणसांबरोबर त्यांची कामेही दिसतात, आणि त्या कामांची किंमत कोणी मोजली तेही.

उमरोळीनंतर बोईसर. स्थानकाबाहेर कंपन्यांच्या बस रांगेने उभ्या असतात. शिफ्ट सुटताना रस्ता माणसांनी भरून जातो आणि वारा फिरला की रसायनांचा वास घशाला लागतो. तारापूर औद्योगिक वसाहतीत रंग, औषधे आणि रसायनांचे कारखाने आहेत. असल्या कारखान्यांना लागणारे ज्ञान माटुंग्याच्या ‘यूडीसीटी’त घडत होते. १९३३ साली सुरू झालेला हा मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग. मनमोहन शर्मा तिथेच शिकले आणि केंब्रिजहून परतून तिथेच प्राध्यापक झाले. रघुनाथ माशेलकरांची पदवी आणि डॉक्टरेटही तिथलीच. पण कारखान्यांच्या सांडपाण्याने खाड्या आणि किनाऱ्याची मासेमारी बिघडली, म्हणून मच्छीमार मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. रसायनशास्त्राच्या प्रत्येक वर्गात हा दावा धडा म्हणून शिकवला गेला पाहिजे.

बोईसरहून समुद्राकडे गेले की तारापूर. इथला किल्ला जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून जिंकला. वसई पडली ती त्यानंतर, मे महिन्यात. आता तारापूर म्हटले की अणुवीज केंद्रच आठवते, आणि त्याच्यामागे तीन माणसे उभी आहेत. होमी भाभा एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स इथे शिकून केंब्रिजला गेले. होमी सेठना यूडीसीटीतून मिशिगनला गेले. अनिल काकोडकर रुपारेल आणि व्हीजेटीआयमध्ये शिकून १९६३ साली मेकॅनिकल इंजिनिअर झाले. भारतातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला व्हावे यासाठी भाभा झटले, १९६४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी करार झाला. जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँवर विमान कोसळून भाभा गेले. केंद्राची वीज व्यावसायिक पातळीवर २८ ऑक्टोबर १९६९ पासून मिळू लागली, ती त्यांना पाहता आली नाही. सेठना १९७२ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाचा हात आखडता घेतला, तेव्हा तारापूर चालू ठेवण्याची चिंता त्यांच्या वाट्याला आली. काकोडकर आयोगाचे अध्यक्ष असताना, २००५ आणि २००६ मध्ये, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन नव्या अणुभट्ट्या सुरू झाल्या. पहिल्या दोन परदेशातून आलेल्या, या दोन देशातच आखलेल्या. एवढा पल्ला एका पिढीत गाठला गेला.

त्याच अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. समुद्राच्या काठाने राहणारी माणसे आत, पुनर्वसन वसाहतीत जाऊन राहिली. भाभा ते काकोडकर ही कहाणी अभिमानाने सांगताना या दोन गावांची नावे त्याच वाक्यात यायला हवीत.

चिंचणीकडून वाणगावला जाताना रस्त्याकडेला ताड आणि शिंदीची झाडे दिसतात. त्यांच्या रसाशी विद्यापीठातल्या आणखी एका नावाचा संबंध आहे. कमला सोहोनी १९३३ च्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी प्रवेश नाकारला, तरी त्या हटल्या नाहीत. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर संशोधन केले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरेचा फायदा होतो, हे त्यातून दिसून आले. पहाटे झाडावरून उतरवलेले मडके प्रयोगशाळेत नेणारे हे विज्ञान या जिल्ह्याच्या फार जवळचे आहे.

डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. इथे ताराबाई मोडक आल्या आणि राहिल्या. १९१४ च्या बी. ए., राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयाच्या प्राचार्या, भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहकारी. अशी बाई शहरात मोठी संस्था चालवू शकली असती, आणि दादरला त्यांनी ती चालवलीही. पण १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, जे पुढे कोसबाडला आले. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरली. बिया, शंख, पाने हेच मोजायचे साहित्य. अनुताई वाघांनी हे काम शेवटपर्यंत सांभाळले. देशभर अंगणवाड्या पसरल्या, त्यांचे मूळ शोधत गेले की या टेकडीपाशी पोचता येते. मुंबई विद्यापीठाच्या यादीत ताराबाईंचे नाव रानड्यांच्या शेजारी लिहिले पाहिजे.

आणखी उत्तरेला तलासरी. गोदावरी परुळेकर फर्ग्युसनमध्ये शिकल्या, वकिलीची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. ती पदवी कोर्टात मिरवण्याऐवजी त्या शामराव परुळेकरांबरोबर वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या. मे १९४५ मध्ये झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठबिगार झुगारली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोला सावकाराकडे राबवणारी लग्नगड्याची चाल मोडू लागली. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात गोदूताईंनी ते सगळे लिहिले, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तलासरीत आज त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. वेठबिगारी केलेल्यांची नातवंडे आणि पतवंडे तिथे कला, वाणिज्य आणि विज्ञान शिकतात, आणि त्यांच्या पदवीवर शिक्का मुंबई विद्यापीठाचाच असतो.