गोदेच्या मुखाशी विणकाम

रामकुंडावर स्नान करताना ही गोदामाई पुढे जाते तरी कोठे, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली ही नदी १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. आंध्रात धवळेश्वरम्‌च्या खाली तिला फाटे फुटतात. त्यांपैकी वसिष्ठा गोदावरीच्या काठी, समुद्राच्या अलीकडे, नरसापूर हे गाव आहे. मनमाडजवळच्या नगरसोलहून तेथवर थेट आगगाडी जाते. म्हणजे नदीही नाशिक जिल्ह्यातली आणि गाडीही तेथलीच!

उतरल्यावर दिसतात ती भाताची खाचरे, कालवे आणि नारळीची झाडे. पलीकडच्या तीरावर, नदीच्या मुखाशी अंतर्वेदीचे लक्ष्मीनरसिंहाचे देऊळ आहे. यात्रेकरू तिकडे वळतात. पण ज्यांच्या घरी क्रोशाची सुई आहे, त्यांनी आधी नरसापूरच्या आसपासच्या खेड्यांतून एक फेरी मारावी. दुपारी भांडीकुंडी आटोपली, की ओसरीवर बायका मांडीवर पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा घेऊन बसलेल्या दिसतील. तेलुगू येत नसले तरी अडत नाही. सुईची भाषा सगळीकडे एकच.

त्यांचे हात पाहावेत. दोरा करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून आणलेला असतो. वीण सारखी येण्याचे मर्म त्या ताणात आहे. सरकगाठ घातली, सुईवर दोरा घेऊन टाक्यातून ओढला, की झाली साखळी. खालच्या साखळीत सुई घालून दोरा ओढला, की सुईवर दोन टाके होतात. पुन्हा दोरा घेऊन दोहोंतून एकदम काढला, की झाला मुका खांब. सुईला आधीच एक वेढा देऊन तसेच केले, की तीन टाके होतात. ते दोन-दोन करून सोडवले, की उंच खांब उभा राहतो. पाच-सहा साखळ्यांचे कडे करून त्यात खांब भरले, की फूल फुलू लागते. प्रत्येक फेरीला खांब वाढवायचे. कमी पडले तर रुमालाची वाटी होते, जास्त झाले तर झालर! नवशिक्या मुलींनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

ही कला येथे एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडहून आलेल्या मिशनरींबरोबर आली. त्याही आधी शेजारच्या माधवायपालेमचे सुती कापड इतके नावाजलेले होते, की त्या गावावरूनच ‘मॅडापोलम’ हे कापडाचे नाव पडले. पुढे लेसही परदेशी जाऊ लागली, आणि २०२४ साली नरसापूरच्या क्रोशा-लेसला भौगोलिक मानांकन मिळाले.

पण ओसरीवर थोडा वेळ बसले, की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. येथे एकीनेच सबंध रुमाल विणावा, असे नाही. कोणी नुसती फुले करते, कोणी ती जोडते. दोरा व्यापाऱ्याचा, तो आणून देणारा आणि तयार काम नेणारा दलाल निराळा, मजुरी नगावर. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या विणकरणींचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना दिसले ते असे, की घरकाम सांभाळून बायका रोज सहा-आठ तास विणतात, आणि तरीही त्यांची गणना होते ती ‘गृहिणी’ म्हणून. विणणे म्हणजे काय, तर बसल्या बसल्या फावल्या वेळात केलेले काम! एकदा काम ‘फावल्या वेळचे’ ठरले, की त्याची मजुरीही फावल्या वेळचीच ठरते. व्यापार वाढला, पैका आला, पण तो मुख्यतः व्यापाऱ्यांच्या हाती राहिला. आता तर यंत्राच्या स्वस्त लेसशीही या हातांना सामना द्यावा लागतो.

आपल्याकडे हेच खांब आणि याच साखळ्या रुखवतात मांडल्या जातात. तोरण, ताटावरचा रुमाल पाहून पाहुण्या ‘किती हौशी हो मुलगी!’ म्हणतात. आपल्या घरची हौस नरसापूरच्या ओसरीवर मीठमिरचीचा खर्च भागवते, एवढाच काय तो फरक. टाका मात्र तोच.

म्हणून जाण्यापूर्वी निदान एक लहानसा रुमाल स्वतःच्या हाताने पुरा करावा. दोन संध्याकाळी जातील, दोनदा उसवावे लागेल, मान भरून येईल. मग नरसापूरच्या दुकानात मोठा टेबलक्लॉथ उलगडून कोणी किंमत सांगितली, की ‘काही कमी करा हो’ हे शब्द ओठावर येण्याआधी त्यातली फुले मोजाविशी वाटतील.